कडेवरच्या भावाला जागा नव्हती

आज सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, मुलांची सुट्टीतली बायबल-शाळा) आजपासून सुरू झाली. मी नोंदणीच्या टेबलावर होते. सव्वाआठला एक मुलगी आली. दहाएक वर्षांची असेल, कडेवर दोन वर्षांचा भाऊ. चर्चच्या मागच्या वस्तीतली. केसांना तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घातलेल्या, फ्रॉकची चेन तुटलेली तिथे पिन लावलेली. म्हणजे यायचं म्हणून तयार होऊन आली होती. टेबलावरच्या मुलाने (आमच्याच तरुण संघातला, वाईट नाही तो) तिला विचारलं, लिंक भरलीय का? नव्हती भरली. २०० रुपये आणलेत का? नव्हते. वयोगट ४ ते १५. "आणि बाळाला आणता येणार नाही, त्याला घरी ठेवून ये."

ती म्हणाली, "घरी कोन न्हाई."

थोडा वेळ तिथेच उभी राहिली. आत कृतिगीत सुरू झालं होतं, टाळ्या वाजत होत्या. कडेवरचा तो त्या तालावर हात हलवत होता. मग ती त्याला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

मी काही बोलले नाही. माझ्या हातात नावाच्या बिल्ल्यांचा गठ्ठा होता आणि मागे रांग होती. हे काही कारण होत नाही, मला कळतंय.

कारण १९८९ च्या मे महिन्यात ती मुलगी मी होते.

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. आई-वडील सकाळी सहाला कांदा काढायला जायचे आणि दीड वर्षाचा भाऊ माझ्या कडेवर. सुट्टी म्हणजे भावाला सांभाळणं. चर्चमध्ये सुट्टीतली शाळा भरते, गाणी असतात, शेवटी खाऊ मिळतो, एवढं ऐकून मी त्याला घेऊन गेले आणि दारातच थांबले. आत जायची हिंमत होईना, कारण हा रडणार हे मला माहीत होतं. पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या कडेवरून त्याला उचलला, आत नेला, पुलपिटच्या (उपदेश करायच्या चौथऱ्याच्या) पायरीशी एक गोधडी चौघडी करून टाकली आणि त्याला तिच्यावर बसवला. हातात पत्र्याचा डबा दिला, झाकण घट्ट लावलेला, आत चिंचोके. मला म्हणाल्या, "तू हितं बस, त्याला दिसशील अशी."

तो डबा त्याने अकरा वाजेपर्यंत वाजवला.

त्या दिवशी फ्लॅनेलच्या फळ्यावर हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. फळा म्हणजे पुठ्ठ्याला चिकटवलेलं हिरवं कापड, वर कागदाची मेंढरं, मागे सँडपेपर लावलेला म्हणून ती चिकटायची. डब्याच्या आवाजात बाईंचं बोलणं ऐकू येईना, मोठी मुलं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी लाजेने मरत होते. बाई थांबल्या, कानाला हात लावून म्हणाल्या, "ऐका, ऐका. मेंढराच्या गळ्यातली घंटी. लांबून येतीय. कुठाय बरं ते?" चाळीस मुलं गप्प. डबा वाजतोय. आणि मेंढपाळ त्या आवाजाच्या मागे निघाला.

आता मला सांगा, हे व्हीबीएसच्या कुठल्या तयार किटमध्ये मिळतं?

राग याचाच येतोय. गेले दोन महिने आमच्या बैठका चालल्या होत्या. टी-शर्ट पिवळा की निळा, यावर दोन बैठका गेल्या. स्टेजवर जंगल करायचं की समुद्र. बॅनरवर कोणाचा फोटो. साउंड सिस्टीमवाल्याचा ॲडव्हान्स. बाहेरून येणाऱ्या टीमला जेवण कोणाकडे. दहा दिवसांची व्हीबीएस आधी पाच दिवसांची झाली होती, यंदा तीन दिवसांवर आली. का, तर टीमला तेवढ्याच तारखा जमतात! आमच्या मुलांसाठी आम्ही भाड्याने माणसं आणली आहेत आणि त्यांच्या तारखांवर आमचं वचन, म्हणजे बायबल, शिकवणं चाललंय. मी त्या सगळ्या बैठकांना हजर होते. आपल्या मागच्या वस्तीत किती मुलं आहेत, सकाळी त्यांच्या घरात कोण असतं, हा प्रश्न एकाही बैठकीत कोणी काढला नाही. मीसुद्धा नाही.

पाळकीणबाईंचं नियोजन आईने मला नंतर सांगितलं. कापणीचा सण झाला की त्या वही घेऊन घरोघरी निघायच्या, ख्रिस्ती घरं असोत वा नसोत. मुलाचं नाव, वय, आणि तिसऱ्या रकान्यात "सोबत कोण". म्हणजे कडेवर कोण आहे ते. किती लहानगी येणार हे त्यांना मे उजाडायच्या आधी ठाऊक असायचं. गोधड्या बायकांकडून मागून ठेवलेल्या असायच्या. दोन म्हाताऱ्या, ज्यांना शेतात जाणं होत नव्हतं, त्यांना लहानग्यांपाशी बसवायच्या. खाऊची पाळी घरावार लावलेली. एकीकडे चुरमुऱ्याचा चिवडा, एकीकडे नुसता गूळ-शेंगदाणा, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून शिरा. वर्ग सात ते अकरा, कारण नंतर पत्रा तापायचा. शिकवायला मंडळीतलीच दहावी-बारावीची मुलं-मुली. त्यांना आधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी बसवून एकेक धडा करून घ्यायच्या. ज्याला गोष्ट नीट सांगता येत नव्हती त्याला हजेरी आणि रंगखडू. कोणाला बाहेर काढलं नाही.

मान्य आहे, आता काळ तसा राहिला नाही. नोंदणी हवी. दुसऱ्याचं मूल त्याच्या आई-बापाला विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हल्लीच्या दिवसांत तर अजिबात नाही. मुलांजवळ एकटा मोठा माणूस नको, दोघं हवेत, हेही बरोबर, आणि पूर्वी हे कोणी बघत नव्हतं ही चूकच होती. नोकरी करणाऱ्या पोरांना दहा दिवस रजा मिळत नाही. खर्चही होतो.

झालं, केलं मान्य. पण आई-बापांची परवानगी हवी असेल तर ती घेण्यासाठी आपण जायचं की दहा वर्षांच्या मुलीने लिंक भरायची? तिच्या घरी फोन एकच असेल आणि तो कामावर गेलेला असेल.

व्हीबीएस सुरू कशी झाली हे आपल्याला शाब्बाथशाळेच्या (रविवारच्या बायबल-शाळेच्या) शिक्षकांच्या वर्गात शिकवलं होतं, आठवतं का? १८९८, न्यूयॉर्कचा ईस्ट साइड. तिथे मिसेस हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हिंडणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी वर्ग भरवला, आणि जागा मिळेना म्हणून चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेतला. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ते काम शहरभर वाढवलं. म्हणजे ज्यांची मुलं रस्त्यावर होती त्यांच्यासाठीच हे निघालं. आपण त्याच नावाखाली फाटकात टेबल लावून बसलोय.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या मुक्ती मिशनच्या केडगावला आपण दरवर्षी बस भरून जातो, फोटो काढतो. मला आज त्या फोटोंचीसुद्धा लाज वाटतेय.

जास्त बोलले असेन. तरुण संघातल्या त्या मुलाला कोणी काही बोलू नका. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं, आणि सांगणाऱ्यांत मी होते. दुपारी तोच माझ्याकडे आला, म्हणाला, "ताई, ती सकाळची मुलगी परत येईल का?" त्याच्याही मनात राहिलं होतं.

माझा भाऊ आता छत्तीस वर्षांचा आहे, त्याला दोन मुलं आहेत. त्याला ते काहीच आठवत नाही. गोधडी नाही, डबा नाही. सकाळी घरी आल्यावर मी त्याला फोन करून हे सांगितलं तर हसला आणि म्हणाला, "मी वाजवत होतो तर तू काय शिकलीस मग?" मी शिकले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." दहा दिवसांत सगळं तेविसावं स्तोत्र पाठ झालं होतं माझं, डबा वाजत असताना. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री तेच म्हणत बसायचे.

संध्याकाळी मी आणि तो तरुण संघातला मुलगा वस्तीत जाऊन आलो. तीन गल्ल्या फिरलो. दोन वेण्या, कडेवर भाऊ, असं सांगितलं तर लोक म्हणाले, "अशा चार आहेत, तुम्हाला कोणती हवी?" चारही घरी गेलो. आमची मुलगी तिसऱ्या घरात सापडली. तिची आई धुण्याभांड्याच्या कामावरून नुकतीच आली होती. तिने आधी नीट चौकशी केली, काय शिकवता, पैसे किती, आणि मग म्हणाली, "दोघांनाबी घेनार का?" हो म्हणाले. पाळकसाहेबांना विचारायच्या आधीच हो म्हणाले. नंतर फोन केला, ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "वेस्ट्रीची खोली उघडून ठेवतो." (वेस्ट्री म्हणजे चर्चला लागून असलेली पाळकांची खोली.)

चार घरं, पाच लहानगी. उद्या सकाळी पावणेआठपर्यंत मला तीन गोधड्या हव्यात, धुतलेल्या, आणि आठ ते अकरा बसायला दोन बायका. एक मी शोधलीय, आमच्या शेजारच्या मावशी. दुसरी कोण येतंय ते खाली लिहा, नाहीतर सरळ फोन करा. डबा माझ्याकडे आहे. चिंचोक्यांऐवजी आत काय घालायचं ते बघते, झाकणाला चिकटपट्टी लावणार आहे.

तीन दिवसांचं पुढे काय करायचं ते रविवारी पंचमंडळासमोर (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीसमोर) मांडेन. तोवर गोधड्या.