साहेब, स्पेसबार एकदम ओके

माझ्या लॅपटॉपचा स्पेसबार दुरुस्त झाला. त्याच्या टेस्टिंगमध्ये गेममधली माझी चार माणसं मेली, त्याची नोंद बिलात कुठेही नाही.

'बाल्डर्स गेट ३' हा गेम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला. अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, दीडशे जीबी जागा खातो आणि नग्नता दाखवायची की झाकायची हे सेटिंगमध्ये आधीच ठरवून घेतो. मी अठराचा कधीच होऊन गेलो, त्यामुळे पात्र आहे. 'या वयात गेम?' हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, तो पुन्हा काढू नये.

यात आपण चौघांचा चमू चालवतो आणि लढाई पाळीपाळीने होते. आपली पाळी असली की समोरचा राक्षस हात वर करून तसाच उभा राहतो. आपण आमटीला फोडणी द्यावी, पोराचा अभ्यास घ्यावा, आईला फोन करावा, तो तिथेच. एवढा सोशिक शत्रू मला नोकरीतसुद्धा भेटलेला नाही. फक्त एक बटण दाबायचं नाही. ते दाबलं की 'माझं झालं, आता तू मार' असा अर्थ होतो. ते बटण म्हणजे स्पेसबार.

आणि माझा स्पेसबारच अडकत होता. दहादा दाबावा तेव्हा एकदा लागायचा.

तर मदत मागितली. हा अनुभव स्वतंत्र लेखाचा आहे. एकाने ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायला सांगितला. दुसरा म्हणाला, चित्र दाखवायची व्हल्कन पद्धत सोडा, डायरेक्टएक्स ११ वर चालवा. तिसऱ्याने गेमच्या सगळ्या फाइल्स तपासून घ्यायला लावल्या, त्यात माझी एक संध्याकाळ गेली. अहो, बटण अडकतंय! शेवटी भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुझा बिल्डच चुकलाय. कार्लाकला तलवार कशाला दिलीस? मोठा हातोडा दे." कार्लाक म्हणजे माझ्या चमूतली शिंगवाली लढवय्यी. तिला हातोडा दिला. कार्लाक खूश झाली, स्पेसबार होता तसाच. आपल्याकडे मदत मागितली की यंत्राची तपासणी होत नाही, माणसाची होते.

(तलवारीचं त्याचं बरोबर होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.)

शेवटी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. अकराला येतो म्हणाला, म्हणजे दोनला येणार या हिशोबाने मी खेळायला बसलो. तो अकराला आला.

त्या क्षणी मी ग्रिमसमोर होतो. ग्रिम हा एका जुन्या भट्टीचा राखणदार, अंगापिंडाने धातूचा. थंड असताना त्याला काहीही लागत नाही. व्हॉल्व्ह फिरवून लाव्हा सोडायचा, तो त्यात उतरून तापला की मगच त्याला इजा होते. आणि शेवटचा फटका ज्याने मारला त्याच्या मागे तो लागतो. म्हणून एकाने त्याला मारून भट्टीच्या मधोमध खेचून आणायचं आणि दुसऱ्याने लिव्हर ओढून वरचा अजस्र घण त्याच्या डोक्यात घालायचा. मी लाव्हा सोडला होता. ग्रिम लालबुंद होऊन बरोबर घणाखाली आला होता. माझ्या चौघांची पाळी होती, शॅडोहार्ट लिव्हरपाशी उभी होती. एक क्लिक. फक्त एक.

बेल वाजली. मी दार उघडायला गेलो. घाई कसली? ग्रिम थांबला असता. चातुर्मास संपेपर्यंत थांबला असता.

"कुठंय पेशंट?" असं म्हणत तो आत आला आणि माझ्या खुर्चीत बसला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हे काय, कार्टून?"

"गेम आहे. हात लावू नका, चालू आहे."

"हिचं शिंग तुटलंय, साहेब."

"ते तसंच असतं."

"वॉरंटीत नाही बसणार," असं म्हणून तो स्वतःशीच खूप वेळ हसला. मग त्याने मला कापूस मागितला. कापूस दिला, तर बारीक स्क्रूड्रायव्हर मागितला. घरोघर दुरुस्त्या करत हिंडणाऱ्या माणसाकडे स्क्रूड्रायव्हर नसतो, हे मी आजवर इलेक्ट्रिशियनपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांकडून शिकलेलो आहे. मी तो शोधायला आतल्या खोलीत गेलो. बाहेरून आवाज येऊ लागला. टक. टक. टक. टक.

तुम्ही म्हणाल, बटण तपासायला नोटपॅड उघडावं. मीही त्याला नंतर हेच म्हणालो. त्याचं उत्तर होतं, "चालू होतं तेच घेतलं ना."

पहिली टक, कार्लाकची पाळी गेली. दुसरी शॅडोहार्टची, तिसरी गेल नावाच्या जादूगाराची, चौथी माझी. चौघंही लिव्हरकडे बघत स्वस्थ बसले. मग ग्रिमची पाळी. पुन्हा आमची पाळी आली की हा पुन्हा टक टक टक टक, कारण त्याला 'प्रत्येक वेळी लागतोय का' हे कन्फर्म करायचं होतं. तेवढ्यात लाव्हा ओसरला, ग्रिम थंड झाला, म्हणजे आता त्याला काहीही लागणार नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आलो तेव्हा शॅडोहार्ट तेवढी उभी होती.

"मध्ये मध्ये हँग होतोय बघा," तो म्हणाला. "मी दाबतो, मग ते लोखंडी बेणं एकटंच हलतं, मग परत थांबतं. प्रोसेसर वीक आहे."

"अहो, त्याची पाळी आहे!"

"मग आपण मारायचं नाही?"

"तुम्ही मारू दिलं नाही!"

"मी फक्त स्पेस दाबला," असं म्हणून त्याने तो परत दाबून दाखवला. शॅडोहार्ट गेली. "बघा, एकदम स्मूथ."

आता कोणी म्हणेल, सेव्ह केलेलं असेल ना. नाही. मी ऑनर मोडमध्ये खेळत होतो. हा प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गेममध्ये घातला गेला. यात सेव्ह एकच असतं आणि ते गेम स्वतः करतो, मागे जाऊन चूक पुसता येत नाही. मोठ्या राक्षसांना वर आणखी जादा वार मिळतात. सगळा चमू मेला की संपलं, हवं तर ऑनर सोडून पुढे खेळा. शेवटपर्यंत तग धरलीत तर बक्षीस काय, तर एक सोनेरी फासा. त्या फाशासाठी मी रात्र रात्र जागलो, कारण या गेममध्ये सगळं फाशावर आहे. वीस बाजूंचा फासा, एक पडला की वार फुकट, मग तुम्ही कितीही शूर असा. म्हणून तर पंचाण्णव टक्के दाखवून नेम हुकतो. फायदा असेल तर दोन फासे टाकून मोठा घेतात, मग दोन्हीवर एक पडण्याची शक्यता चारशेत एक. हाफलिंग जातीच्या नशिबात तर एक पडला की पुन्हा टाकायची सवलत आहे. लागोपाठ वाईट पडू नये म्हणून 'कार्मिक डाइस' नावाची सोयसुद्धा आहे. बनवणाऱ्यांनी एवढ्या दुर्दैवाचा विचार करून ठेवलाय. माझ्या खुर्चीत कापूस घेऊन कोण येऊन बसेल याचा नाही केला.

मी हे सगळं त्याला सांगितलं, थोड्या वरच्या पट्टीत. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, गेमच आहे ना."

इथे माझं खरोखर डोकं फिरलं. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना कुणी येऊन टीव्ही बंद केला, तर त्याला 'मॅचच आहे ना' म्हणून सोडाल? सोसायटी एकत्र येऊन धुलाई करेल. पण तिथे दुसऱ्याने मारलेले चेंडू असतात. मी स्वतः खेळत होतो, ही माझी चूक. चाळिशीनंतर माणसाने दुसऱ्यांचा खेळ बघावा आणि आरडाओरडा करावा, तेव्हाच तो छंद म्हणून धरला जातो. बायकोसुद्धा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा घेणार का हो ते?" त्यांना! चौघं माझी गेली, चहा त्यांना!

त्याने चहा घेतला. बिल लिहिलं. क्लीनिंग वेगळं, व्हिजिट वेगळी आणि खाली, मी डोळ्यांनी वाचलं, 'टेस्टिंग चार्जेस'.

काल रात्री त्याचा मेसेज आला. "सर तो लोखंडी माणसाचा गेम कुठला होता. मुलगा झोपल्यावर बघेन म्हणतो. नवीन माणसाला जमेल ना?"

मी लगेच उत्तर दिलं. नाव कळवलं, किती जागा लागते तेही कळवलं, आणि लिहिलं की सुरुवातीला ऑनर मोडच निवडा, नवीन माणसाला तोच सोपा जातो.