तापणारी पद्मिनी आणि फिरणारा मेसेज

एप्रिल लागला की जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, उन्हाळ्यात तापू नये म्हणून त्यात पाच उपाय दिलेले असतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून फेका. कूलंट हे बर्फाच्या देशांतलं खूळ आहे, आपल्याकडे बोअरचं पाणी पुरतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर काढा आणि ॲल्युमिनियमचा जाडजूड बसवा. रेडिएटरची टोपी जास्त दाबाची लावा. आणि कुठे थेंब गळत असेल तर मूठभर हळद टाका. पाचही उपायांत चिमूटभर खरं आहे, म्हणूनच हा मेसेज मरत नाही.

एक साधा हिशेब मात्र त्यात कुठेच नसतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि जानेवारीतली दुपारची हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ६५ चा. मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरकही ४५ वरच येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, वेगही तोच, तरी ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता, तोही सावलीतला. तापलेल्या डांबरावर, पुढच्या ट्रकच्या मागे उभ्या असलेल्या गाडीच्या जाळीत शिरणारी हवा त्याहून गरमच असते. म्हणजे नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, रेडिएटर बिघडवत नाही, आधीच बिघडलेला उघडा पाडतो. पाव नळ्या चोंदलेल्या असल्या तरी डिसेंबरात तापमानाचा काटा जागचा हलत नाही.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी गाडी कधी तापते ते पाहावं. नागपुरातल्या व्हरायटी चौकात सिग्नलला तापते आणि वर्धा रोडवर पन्नासच्या वेगात काटा खाली येतो, तर दोष हवेचा आहे: सैल फॅनबेल्ट, तुटलेलं पातं, पंख्याभोवतीचं गायब झालेलं पत्र्याचं आवरण किंवा कचऱ्याने भरलेली जाळी. बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. चौकात ठीक, पण छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसरच्या पुढे सिल्लेवानीच्या घाटात तापते, तर दोष पाण्याच्या वाटेचा: चोंदलेल्या नळ्या, झिजलेला वॉटर पंप, किंवा वेगात चपटा होऊन बसणारा खालचा होज, म्हणजे रबरी नळी. मागे राहिलेलं इग्निशन टायमिंगही हेच लक्षण दाखवतं, आणि ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली चकती, गेलंय. थंड इंजिनावर टोपी काढून गाडी सुरू करा. तोंडाशी बुडबुडे येतच राहिले, तर कुठल्याही धातूचा रेडिएटर आणला तरी पैसे पाण्यात.

आता थर्मोस्टॅट. अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड होते हे खरंच आहे. नवा घातला असता तरी झालीच असती. मेसेजला उत्तर देणारे काही जण म्हणतात की थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हेही चूक. प्रवाह वाढल्याने रेडिएटरचं काम कमी होत नाही. नुकसान वेगळं आहे. ज्या इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो, तिथे तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत फिरतो. आणि हिवाळ्याच्या सकाळी इंजिन किती तरी वेळ गार राहतं. चोक ओढून ठेवावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते.

तपासणी स्वयंपाकघरात होते. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकेल असा लोंबता ठेवा आणि शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर ८२ कोरलं असेल तर त्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे तो उघडू लागला पाहिजे, आणि आणखी दहा-बारा अंशांत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. उघडायला उशीर किंवा अर्धवट उघड, म्हणजे बदला. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेला हवा सुटायचं छोटं भोक असेल तर ते वरच्या अंगाला यावं. नसेल तर ३ मिलिमीटरचं पाडून घ्यावं, नाहीतर खाली हवेचा फुगा अडकतो.

बोअरच्या पाण्याचा सल्ला मात्र पाचांत सगळ्यात महागात पडणारा. त्याचं उत्तर नागपूरच्या प्रत्येक घरात कूलरमध्ये दिसतं. बोअरचं पाणी घातलेल्या कूलरची खस मे अखेरीस कशी पांढरी, कडक होते ते आठवा. तोच चुना इंजिनात बसतो, आणि नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत. एकदा भरलेल्या पाण्यातून फार चुना निघत नाही. खरा घात रोजच्या भरीचा. पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरा. उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज अर्धा लिटर भर घातली तर ५० लिटर पाणी, म्हणजे २० ग्रॅम चुना. दहा उन्हाळ्यांत दोनशे ग्रॅम. तो बाहेर जात नाही, कारण उडून जाते ती वाफ.

थंडीत पाणी गोठू नये हे कूलंटचं काम नागपुरात निरुपयोगी, इथवर मेसेज बरोबर. कूलंटमधलं मुख्य द्रव्य ग्लायकॉल, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं हेही खरं. निम्मं-निम्मं मिश्रण किलोमागे साध्या पाण्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात, आणि आपल्याला हवीत ती तीच. पद्मिनीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि झाळ शिसं-कथलाची. एवढे धातू क्षाराच्या पाण्यात एकत्र बुडवले की त्यांची बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. हेडवरच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात, मग नवं गॅस्केटही टिकत नाही.

इथे निम्मं-निम्मं घालायची गरज नाही. एक भाग कूलंट, दोन भाग पाणी पुरे. गाडीत पाच लिटर मावत असेल तर दीड लिटर घट्ट कूलंट आणि साडेतीन लिटर डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. पाव भागाच्या खाली जाऊ नका, गंजरोधक फार विरळ होतं. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पुन्हा पाणी ओतायचं नाही. अर्धे लोक इथेच चुकतात. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण क्षार त्यातही उरतात. आरओच्या मागच्या नळीतून निघणारं पाणी तर चुकूनही नको. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग आहे, त्यावरून प्रकार ठरत नाही. डब्यावर आयएस ५७५९ सारखं मानक आहे का, आणि तांबं, पितळ व झाळ यांना चालतं असं लिहिलंय का, ते वाचा. जुन्या पद्धतीचं कूलंट दर दोन वर्षांनी बदलायचं.

आधीचा चुना काढायचा तर लिटरला ३० ते ४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, साध्या पाण्यात विरघळवून भरा. इंजिन गरम होईपर्यंत आणि त्यावर वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या आणि लगेच काढा. रात्रभर ठेवू नका. मग निवळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा, ब्लॉकवरचा नळ उघडूनसुद्धा. तो बहुधा गाळाने बुजलेला असतो, तारेने मोकळा करावा लागतो. संडास साफ करायचं ॲसिड वापरलं तर चुन्याआधी ॲल्युमिनियम जातं. आणि धुतल्यावर जुना रेडिएटर गळू लागला तर दचकू नका. भोक आधीपासूनच होतं, चुन्याने बुजवलं होतं.

आता ॲल्युमिनियमचा रेडिएटर. उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमच्या पुढे आहे, पण त्यावरून तांब्याचा रेडिएटर सरस ठरत नाही. खरा अडथळा धातूत नसतो, जाळीकडून हवेकडे उष्णता जाण्यात असतो. तिथे मोजमाप आकाराचं: समोरचं क्षेत्रफळ, नळ्यांच्या ओळी, इंचामागे किती पापुद्रे, म्हणजे नळ्यांमधले पातळ पत्रे. चांगला ॲल्युमिनियमचा आणि चांगला तांब्याचा, दोन्ही पद्मिनीला पुरतात. प्रश्न जाडीचा आहे. मागच्या ओळीला मिळते ती पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली हवा, आणि जाड, दाट जाळीतून हवा ओढायला पद्मिनीचा बेल्टवरचा पंखा सिग्नलला फार दुबळा. म्हणजे वर्धा रोडवर फरक पडेल, पण चौकात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापेल. शिवाय जाड कोर, म्हणजे नळ्या-पापुद्र्यांची जाळी, पंख्याच्या जवळ येतो. ब्रेक मारला की इंजिन रबरी माउंटिंगवर पुढे झुकतं, म्हणून पातं आणि जाळी यांत निदान दोन सेंटिमीटर जागा हवीच.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. पितळी टाकी कुठलाही रेडिएटरवाला तासाभरात झाळून देतो. ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग आणि साफ हात लागतो, आणि प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असेल तर तेही होत नाही. साधं पाणी घालणाऱ्याने तर ॲल्युमिनियमच्या वाटेला जाऊच नये. मेसेजचा दुसरा सल्ला पाळला की तिसरा दोन-तीन उन्हाळ्यांत भोकं पाडून देतो.

जुन्याचं काय करायचं ते आधी ठरवा. रेडिएटर काढा, खालचं तोंड हाताने बंद करून काठोकाठ भरा आणि हात एकदम काढा. पाणी तोंडभर धारेने धबाधबा पडलं पाहिजे. रेंगाळलं तर नळ्या चोंदल्यात. गाडीवरच तपासायचं तर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर आडवा फिरवा. मधेच उभा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या मेल्या. थोड्याच असतील तर वरची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे प्रत्येक नळीतून चपटी पट्टी फिरवून गाळ काढायचा. तांब्याचे पापुद्रे बोटाने चुरगळत असतील, हिरवे पडले असतील, नळीपासून सुटले असतील तर रॉडिंगचे पैसे वाया. तेव्हा मूळ टाक्या आणि पट्ट्या ठेवून फक्त कोर बदला. ऑर्डर देताना जुन्या कोरची उंची, रुंदी, जाडी, ओळी आणि एका ओळीतल्या नळ्या मोजून लिहून द्या. ‘फियाटचा द्या’ म्हणाल तर जो शिल्लक असेल तो मिळेल. परत घेताना पाण्यात बुडवून टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून बघायला सांगा. जास्त भरली तर टाकीचे कोपरे फुगतात. रंग पातळ काळा, एकच हात.

जाळी धुवायची ती इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपने. प्रेशर वॉशरने पापुद्रे आडवे होतात. कापसाच्या हंगामात गाड्यांवरून उडालेला कापूस जाळीत घट्ट बसतो, तो बाहेरून दिसतही नाही.

टोपीबद्दल थोडक्यात. जास्त दाबाची टोपी गाडी थंड करत नाही, फक्त पाणी उशिरा उकळू देते. नागपूरच्या उंचीवर पाणी उघड्यावर ९९ अंशांना उकळतं. अर्ध्या किलोच्या टोपीखाली ते सुमारे ११० पर्यंत तग धरतं. त्यावर आणखी दाब चढवला की जुनी झाळ किंवा जुना होज आधी सुटतो. जी मूळ होती तेवढ्याच दाबाची आणि तेवढ्याच खोलीची टोपी घ्या. खोली चुकली तर रबर बसतच नाही. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर टोपीतला छोटा उलटा व्हॉल्व्ह अडकलाय. बाजूला जादा पाण्याची बाटली नसेल तर पाणी तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खालीच ठेवा. काठोकाठ भरलेलं तापल्यावर फुगून बाहेर जातं आणि मालकाला वाटतं गाडी पाणी पिते.

राहिली हळद. ती काम करते, यात शंका नाही: पूड पाण्यात फुगते आणि गळतीच्या भोकाशी जमते. पण नळीची आतली फट दोनेक मिलिमीटरची, आणि हळदीला भोक कुठलं नि नळी कुठली हे कळत नाही. अमरावती रस्त्यावर कोंढाळीजवळ अडकलात तर चमचाभर टाका, टोपी पहिल्या खाचेवर सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही, जवळ पाण्याची कॅन ठेवा आणि हळूहळू घरी या. त्याच आठवड्यात सगळं पाणी काढून, खालचा होज सोडून, पिवळेपणा जाईपर्यंत उलट्या दिशेने धुवा आणि भोक झाळून घ्या. पुन्हा भरताना टोपी उघडी ठेवून इंजिन संथ चालू द्या, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले की पातळी सारखी करा. दोनदा गरम-गार झाल्यावर पातळी परत बघा, तेव्हा बहुधा कपभर लागतंच.