प्रागच्या घड्याळाखाली तिष्ठताना

युरोपच्या सहलीत प्रागच्या जुन्या शहरातील चौक पाहायचा म्हणजे वस्तुतः तेथील टाउन हॉलच्या भिंतीसमोर मान वर करून उभे राहायचे असते. त्या भिंतीवर 1410 सालचे खगोलीय घड्याळ आहे आणि तासाला ठोका पडण्यापूर्वी वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य दर्शन देऊन जातात. आमच्या सहलप्रमुखाने आम्हांला तेथे सव्वादहा वाजताच आणून उभे केले. कारण विचारले असता ‘पुढची जागा मिळते’ असे त्याने सांगितले. पुढची जागा आधीच एका जपानी गटाने धरली होती.

पायाखाली फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत. 1621 साली ज्या 27 बंडखोरांना येथे मृत्युदंड दिला गेला, त्यांची ती खूण. गर्दीत पाय ठेवायला दुसरी जागाच नसल्याने त्या बिचाऱ्यांच्या स्मृतीवर आइस्क्रीम गळत होते.

खरा प्रसंग ओढवला तो आमच्या गटातील ज्योतिषी काकांमुळे. घड्याळावर राशिचक्र आहे आणि सोनेरी सूर्याचा काटा त्यातून फिरतो, हे कळताच त्यांनी चश्मा पुसून निरीक्षण आरंभले आणि मे महिनाअखेरीस सूर्य मिथुनेत दाखवणारे हे घड्याळ साफ चुकीचे आहे, असा निकाल दिला. ‘आपल्या पंचांगात तो अजून वृषभेत आहे. सायन मोजतात लेकाचे!’ (सायन म्हणजे राशी ताऱ्यांवरून न मोजता वसंतसंपातापासून मोजणे; आपल्या निरयन पंचांगापासून त्यात जे अंतर पडते, ते अयनांश.) मिकुलाश नावाच्या कारागिराने बनवलेल्या आणि सहाशे वर्षे टिकलेल्या यंत्राला अयनांशाची दुरुस्ती सुचवणारा हा पहिलाच पुणेकर असावा. शेजारच्या जर्मन आजीबाईंनाही त्यांनी अयनांश म्हणजे काय ते सविस्तर सांगितले, आणि त्या इतक्या विनयशील होत्या, की मधूनमधून मान डोलावत राहिल्या.

अकरा वाजले. घड्याळावरील सांगाड्याच्या पुतळ्याने दोरी ओढून घंटा वाजवली, शेजारचा तुर्काचा पुतळा ‘नाही, नाही’ म्हणत मान हलवू लागला (काकांना तो आपल्या बाजूचा वाटला), खिडक्यांमागून शिष्य भराभर सरकले, वर सोनेरी कोंबडा आरवला आणि संपले. पाऊण तासाची तपश्चर्या, मिनिटभराचे दर्शन आणि तेही पुढच्या सर्वांनी उंचावलेल्या मोबाइलांच्या पडद्यांवर! पंढरीच्या रांगेत निदान पायावर डोके तरी टेकवता येते.

सहलप्रमुख आम्हांला मोजू लागला, तेव्हा सौभाग्यवती आणि आणखी दोन बायका कमी भरल्या. त्या आल्या, त्या सुटी नाणी नसल्यामुळे स्वच्छतागृहाच्या दाराशी अडून आल्या होत्या. ‘कोंबडा झाला का आरवून?’ सौभाग्यवतींनी विचारले. कोणीच बोलेना. ‘मग आम्ही एवढ्या लांब कशाला आलो?’

बारा वाजेपर्यंत थांबायचे ठरले. काकांनी तोवर इटालियन गट गाठला होता.