वीस वर्षे उशिरा

‘सनदी अधिकाऱ्यांना राष्ट्रीय सुरक्षेचे शिक्षण देण्यास दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज पुरेसे आहे’ हे एका लेखातले विधान पटले नाही. 1960 पासून चालणारी ही संस्था उत्तमच. ब्रिगेडियर आणि सहसचिव दर्जाचे लोक तिथे जवळजवळ वर्षभर एकत्र शिकतात, ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत अधिकाऱ्याची वीसेक वर्षे नोकरी झालेली असते. जिल्हा त्याच्या हातात असतो तो त्याच्या कितीतरी आधी!

मी रायगडच्या किनारपट्टीवर महसुलात नोकरी केली. सातबारा, निवडणूक, आपत्ती यांची प्रशिक्षणे झाली. समुद्रापलीकडून काय येऊ शकते, यावर एक तासही नाही. आणि हा तोच किनारा, जिथे 1993 साली शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांचे आरडीएक्स उतरले. त्या प्रकरणात कस्टम्स आणि पोलिसांतले लोकही दोषी ठरले. कारगिल युद्धानंतर मसुरीच्या प्रशासन अकादमीत सनदी आणि लष्करी अधिकाऱ्यांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू झाला, तोही मोजक्यांसाठी. तो जिल्ह्यापर्यंत आणा. तहसीलदार, बंदर अधिकारी, मत्स्यव्यवसाय खाते यांना तटरक्षक दलासोबत एका खोलीत बसवा. हरियाणातल्या बिनोला इथे संरक्षण विद्यापीठाची कोनशिला 2013 मध्ये बसली. त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.