पहाटेचंही पाणी तपासायला लावा

लेखात जलीय परिसंस्थेच्या अभ्यासक्रमासाठी सुसज्ज प्रयोगशाळा हवी म्हटलंय. हवीच, पण गोव्यात खरी प्रयोगशाळा मांडवी-झुआरीच्या काठी आहे आणि मुलं तिथे फार कमी वेळ असतात, याचं वाईट वाटतं.

विरघळलेल्या ऑक्सिजनचंच बघा. दिवसा शैवाल प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र सगळेच जीव तो नुसता वापरतात, म्हणून उथळ, साचलेल्या पाण्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. सहलीची बस दहाला पोचली की अर्धी गोष्ट निसटलेली असते. ऑक्सिजन मोजायला बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, रसायनं जागेवरच घालायची. तपकिरी साका खाली बसताना पाहिला की मोजणीची ही विंकलर पद्धत पुन्हा घोकावी लागत नाही.

आणि खाजनं, म्हणजे नदी-खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन! भरतीच्या रेट्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. क्षारता, गाळ, कोळंबीची पिल्लं, भातशेती, सगळं त्या दारावर अवलंबून. हे एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात, दोन्ही वेळा मोजायला हवं, कारण जून ते सप्टेंबरमध्ये नदीच्या गोड्या पाण्याचा लोंढा खारं पाणी मुखाकडे रेटतो आणि पुढे तेच पाणी पुन्हा आत खोलवर शिरतं.

दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. एवढं जवळ असताना विद्यार्थ्यांना वर्षभर एकाच जागेची नोंदवही ठेवायला लावावी, आणि तिला परीक्षेत गुणही द्यावेत.