दादा, नावं मी कंटाळा करून तोडली नाहीत

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. "दोन हजार घेतले, टोनची नावं अर्धी अर्धी टाकली, उरणच्या हळदीत बेंजोच्या जागी शहनाई वाजली, पैसे पाण्यात गेले," असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या कीबोर्डमधले टोन, म्हणजे एकेका वाद्याचे आवाज, लावून त्यांना नावं टाकायचं काम तुम्ही मला दिलं होतं. स्टेजवर तुमची फजिती झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मी स्वतः 11 वर्षं बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवलाय. भरल्या मांडवात चुकीचा टोन वाजला की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

शहनाई वाजली ती माझ्याच चुकीने. फेवरिटच्या बटणाला, म्हणजे एका दाबात ठरलेला टोन आणणाऱ्या बटणाला, टोन कुठल्या नंबरवर आहे तेवढंच माहीत असतं. तुमच्या यादीप्रमाणे मी यूजरमधले, म्हणजे आपण स्वतः साठवलेले, टोन पुढेमागे केले, तेव्हा बेंजोच्या जुन्या नंबरवर शहनाई आली. फेवरिट पुन्हा लावायला हवे होते, राहून गेले.

पण नावांचं मात्र मनाला लागलं. तुमच्या रोलंडच्या ज्युनो-डीएस कीबोर्डवर टोनच्या नावाला 12 अक्षरांचीच जागा आहे, तीही इंग्रजी अक्षरांची. मराठी लिपी तिथे उमटतच नाही, आणि मधली मोकळी जागाही अक्षर म्हणूनच मोजली जाते. तुम्हाला हवं होतं "शहनाई लग्न". इंग्रजीत शहनाईची 7, लग्नची 5 आणि मधली मोकळी जागा, इथेच 13 झाली. त्यात प्रत्येक नावापुढे कार्यक्रमाच्या क्रमाचा नंबर पाहिजे, हे तुमचंच म्हणणं. "07" आणि एक मोकळी जागा यात तीन घरं गेली, नावाला उरली 9. "हार्मोनियम" इंग्रजीत बरोबर 9 अक्षरांचं आहे, ते नंबरासकट पूर्ण बसलं. पण तुमच्याकडे हार्मोनियम दोन, एक भजनाचं आणि एक गोंधळाचं. दोन्हींना नुसतं हार्मोनियम लिहिलं असतं, तर अंधारात तुम्ही कुठलं कुठलं ओळखलं असतं? म्हणून "हार्मो" लिहून पुढे भजन आणि गोंधळ यांची तीन-तीन अक्षरं ठेवली. नंबर नको म्हणाला असता, तर "हार्मो भजन" 12 मध्ये नेमकं मावलं असतं. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नंबर पाहिजेच.

दोन हजारांचंही सांगतो, कारण रिव्ह्यू वाचून लोकांना वाटेल की नुसती नावं टाइप करायचे घेतले. टोन 64 होते. त्यातले 9 तुमच्या पेनड्राइव्हवरच्या आवाजांवरून नव्याने बनवले. एकेक सॅम्पल ऐकून सुरुवातीची शांतता कापली, सूर मिळवला, मग कीबोर्डवर पसरवला. प्रत्येक टोनचा व्हॉल्यूम शेजारच्या टोनशी जुळवला. नावाचं एकेक अक्षर चाक फिरवून टाकावं लागतं. कामाआधी तुमचा सगळा जुना डेटा बॅकअप करून दिला, त्याचा एक रुपया घेतला नाही. आकडा आधीच सांगितला होता आणि तुम्ही हो म्हणाला होता.

आणि दादा, कीबोर्ड तुम्ही शुक्रवारी रात्री साडेआठला आणलात, कार्यक्रम शनिवारचा. यादी व्हॉट्सॲपवर 14 व्हॉइस मेसेजमध्ये आली. अकरा वाजता क्रम बदलला, साडेअकराला परत बदलला. एकदा नंबर सरकला की खालची सगळी नावं पुन्हा लिहावी लागतात. माझी बायको जेवणाचा डबा दुकानात घेऊन आली होती, तो तसाच राहिला. काम झाल्यावर मी म्हणालो, अर्धा तास थांबा, सगळी बटणं माझ्यासमोर दाबून बघा. तुम्ही म्हणालात, गाडी खाली उभी आहे. तेव्हा थांबला असता तर ही चूक इथे पनवेलच्या माझ्या दुकानातच सापडली असती. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीच नाही, याचं वाईट वाटतं.

हळदीचा सीझन तोंडावर आहे. नवीन पोरं रिव्ह्यू बघूनच दुकानाची पायरी चढतात, आणि माझं घर याच कामावर चालतं. म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका. इथून पुढे फेवरिट तपासल्याशिवाय कीबोर्ड देणार नाही, यादीचंही काहीतरी नीट ठरवतो.

तुमचा जुना बॅकअप माझ्याकडेही ठेवलेला आहे. कीबोर्ड घेऊन या, सगळे फेवरिट लावून देतो, पैसे घेणार नाही. फक्त येताना तासभर मोकळा काढून या.