पुण्यात मॅरेथॉन पळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

परवाच्या रविवारी मी एक अर्धमॅरेथॉन ‘पूर्ण’ केली. शेवटचे चार किलोमीटर लंगडत. कुठली ते सांगत नाही. थंडी पडली की या शहरात दर रविवारी कुठे ना कुठे एक असतेच, आणि सगळीकडे पळायला तुम्हीच असता. तुमच्याकडून जे शिकलो ते नवशिक्यांच्या उपयोगी पडावं म्हणून, पाय मिठाच्या पाण्यात सोडून, हे लिहितो आहे.

सराव करू नका. तळजाईवर पावसाळ्यात चिखल असतो, आणि पहाटे अंधारात उठून खडकवासल्यापर्यंत पळत जाणारी माणसं तशीही संशयास्पदच. तुम्ही मागच्या दिवाळीत सिंहगड चढला होतात ना? वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हाणलं होतं ना? मग झालं की. कार्ब लोडिंग कार्ब लोडिंग म्हणतात ते आणखी काय असतं?

बूट मात्र महागातले घ्या, तळात कार्बनची पट्टी असलेले. अबेबे बिकिलाने 1960 साली रोममध्ये अनवाणी पळून ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं, पण त्या बिचाऱ्याला स्टेटस टाकायचं नव्हतं. आणि हे बूट शर्यतीच्याच दिवशी पहिल्यांदा घाला. नखं परत येतात.

पाच किलोमीटर पळालात तरी ‘मॅरेथॉन केली’ असंच सांगा. 42.195 हा आकडा विचारणारे नातेवाईक अजून जन्माला यायचे आहेत.

सुरुवातीला अगदी दोरीला पोट लावून उभे राहा. फॉर्मवर अपेक्षित वेळ ‘पावणेदोन तास’ तुम्ही टाकलेली असतेच. बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराला, चिप असते, स्टार्टच्या मॅटवर पाय पडला की मग तुमची वेळ सुरू होते, त्यामुळे मागे उभं राहिल्याने काडीचं नुकसान होत नाही, असं कोणी समजावू लागलं तर इअरफोन घाला. झेंडा पडला की दोनशे मीटर जीव खाऊन पळा आणि गपकन थांबा. मग चौघा मित्रांनी रस्त्याची रुंदी मोजत चालायचं, मोबाइल उंच धरायचा. मागून कोणी ‘बाजूला, बाजूला’ करत आलं तर लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावताना जी भाषा वापरता, तीच वापरा.

कमरेला स्पीकर लावायला विसरू नका. रस्त्याकडेच्या घरांत माणसं झोपलेली असतात.

आता पाणी. हे नीट समजून घ्या. पाण्याची पाच-सहा टेबलं ओळीने मांडलेली असतात. शेवटच्या टेबलावर गर्दी नसते, म्हणून झडप पहिल्यावरच घालायची. 200 मिलीची बाटली. एक घोट घ्यायचा. थोडं डोक्यावर ओतायचं. डिसेंबरची पहाट आहे, लोक कानटोपी घालून दूध आणायला निघालेत, तरी ओतायचं. आणि मग उरलेल्या पाण्यासकट बाटली टाकायची. दहा पावलांवर निळं पिंप ठेवलेलं असतं, त्यात नाही. रस्त्याच्या मधोमध. टोपण आठवणीने घट्ट लावून, म्हणजे बाटली चेपत नाही, मागच्याच्या पायाखाली लाटण्यासारखी फिरते.

माझ्या पायाखाली फिरली. सतराव्या किलोमीटरला, पुलाच्या उतारावर. दोन तासांच्या पेसरचा, म्हणजे बरोबर दोन तासांत शर्यत संपेल अशा वेगाने पुढे पळणाऱ्याचा, फुगा समोर तीस पावलांवर दिसत होता. त्या फुग्यासाठी त्रेपन्नाव्या वर्षी मी जूनपासून साडेचारचा गजर लावत होतो. उजवा पाय बाटलीवर पडला, घोटा आत वळला, दोन्ही तळहात डांबरावरून खरवडत गेले. बाटली टाकणारा पुढेच होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि काय म्हणाला माहितीये? ‘काका, सांभाळून!’

मी सांभाळून? गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारपासून सोसायटीच्या ग्रुपवर नगरसेवकाच्या नावाने शिमगा करणारे तुम्ही, आणि रविवारी भरल्या बाटल्या रस्त्यावर लोळवणारेही तुम्हीच! वर पळताना चोखायच्या जेलची चिकट पाकिटं, केळ्याच्या साली. मागून तीन तासांत येणाऱ्यांना त्याच टेबलांवर रिकामे खोके मिळाले. आणि मग तिथे पहाटे चारपासून उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांवर लोक खेकसले, ‘मॅनेजमेंट नाही काही!’

असो. आपण सल्ला देत होतो.

मेडल मंगळवारपर्यंत काढू नका. मिसळ खातानाही नाही.

आणि एक करा. मेडल घालून झालं, फोटो झाले, की एकदा त्याच रस्त्याने मागे चालत या. मला यावं लागलं, रिक्षा मिळेना म्हणून. रस्ता वाहतुकीला खुला करायचा म्हणून पोलीस शिट्ट्या मारत होते आणि झाडणाऱ्या दोन बाई वाकून वाकून बाटल्या गोळा करत होत्या. प्रत्येक बाटलीचं टोपण फिरवायचं, पाणी दुभाजकातल्या कण्हेरीला ओतायचं, बाटली चेपायची, पोत्यात टाकायची. मी म्हटलं, अहो, तशाच भरा की. त्यातल्या एक म्हणाल्या, ‘पाण्यासकट पोतं उचलत नाही ओ, दादा.’

लाज वाटत नाही का रे? एकवीस किलोमीटर पळायची ताकद आहे, आणि रिकामी बाटली दहा पावलं हातात धरवत नाही? प्यायची नव्हती तर घेतलीस कशाला? आणि माणूस पडलेला दिसल्यावर थांबला असतास तर घड्याळात किती गेलं असतं, दहा सेकंद?

डॉक्टर म्हणतात तीन आठवडे पळायचं नाही. तुम्ही पळणार असालच येत्या रविवारी. पिंप निळं असतं. मोठं असतं. दिसतं.